पाळक घरी येतात का?

मराठी मंडळीत नवे पाळक आले की दोन-तीन महिन्यांत त्यांचा निकाल लागतो. उपदेश कसा करतात, आवाज कसा आहे, पाळकीणबाई चारचौघींत मिसळतात का, यावर बरंच बोलून होतं. पण शेवटचा प्रश्न ठरलेला असतो. घरी येतात का? आजाऱ्याच्या उशाशी बसून शास्त्रातल्या चार ओळी वाचणं, प्रार्थना करणं, पोराच्या नोकरीची चौकशी करणं, आणि नवऱ्याच्या दारूबद्दल बाई काही सांगू पाहत असेल तर चहा थंड होईपर्यंत ऐकत राहणं. वसईत फादर घराला आशीर्वाद द्यायला येतात तेव्हाही पवित्र पाणी शिंपडून होतं लगेच, खरं काम नंतर ओटीवर सुरू होतं. ‘सेवकाई’ या शब्दाचा साध्या ख्रिस्ती माणसाच्या लेखी अर्थ हा आहे. बाकी सगळं, म्हणजे सभा, समित्या, जयंत्या, शाळेची गॅदरिंगं, त्याच्या भोवतीची आरास.

ख्रिस्ती श्रद्धेपुढच्या आजच्या अडचणींची एक ठरीव यादी आहे. विज्ञान, चंगळवाद, तरुणांची उदासीनता, ओस पडलेली चर्च. ती युरोपाचा अनुभव म्हणून खरी असेल. इथे नाताळच्या रात्रीची मिस्सा मैदानात मांडव घालून करावी लागते आणि आजारपणात देवाकडे पाठ फिरवणारा माणूस शोधावा लागतो. महाराष्ट्रातली सेवकाई अडते ती घराच्या उंबरठ्यावर. पाळकाला तिथवर पोहोचायला वेळ उरत नाही. पोहोचला तर शेजारी संशयाने पाहतात. आत गेला तर ते घर कोणत्या भाषेत प्रार्थना करतं आणि कोणत्या जातीचा दाखला कपाटात ठेवतं, हे सांभाळून बोलावं लागतं. या लेखात मी त्या उंबरठ्याचाच आढावा घेणार आहे.

आकडा लहान आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरा नाही. शेजारच्या गोव्यात हेच प्रमाण २५ टक्के. त्या १० लाखांतही मुंबई-पुण्यातले पुष्कळजण घरी कोकणी, मल्याळम, तमिळ किंवा इंग्रजी बोलतात. मराठी ख्रिस्ती म्हणून जो समाज उरतो त्याचे ठळक गड दोन. एक वसई. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत तिथे पोर्तुगीज होते. सामवेदी, वाडवळ, कोळी असे जुने समाज कॅथलिक झाले आणि पोर्तुगीज गेल्यावरही कॅथलिक राहिले. दुसरा गड नगरचा. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झालं, नगरला १८३१ मध्ये पोहोचलं, आणि एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांनंतर महार-मांग वस्त्या मोठ्या संख्येने मंडळीत आल्या. वसईचा ख्रिस्ती बागायतदार, जमिनीचा मालक. नगरचा ख्रिस्ती बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा. एकाच प्रभूच्या नावाने जमणाऱ्या या दोन समाजांची गाठ फारशी पडत नाही. लग्नात तर नाहीच.

घरभेटीचा इतिहास मिशनऱ्यांच्या टोपीपासून सांगायची सवय आहे. मला त्यात बायबल बाई जास्त महत्त्वाची वाटते. मिशनने नेमलेली ही देशी बाई हातात पुस्तक घेऊन घरोघर जायची, पुरुष पाद्र्याला जिथे पाऊल ठेवता येत नसे त्या माजघरात बसायची, अक्षरं शिकवायची, वाचून दाखवायची. तिला ना दीक्षा होती ना झगा. पगार तुटपुंजा. तिच्याबद्दल स्वतंत्र ग्रंथ लिहावा असं मराठीत फारसं कुणाला वाटलेलं नाही. पण नगर, सातारा, सोलापूरकडच्या कित्येक ख्रिस्ती घरांची वाचती पहिली पिढी अशाच एखादीने घडवली. आज तिच्या जागी कोण आहे, हे विचारलं की अडचण कळते.

तिच्या जागी संस्था आली. खरं तर संस्था तिच्या काळातही होत्या आणि त्यांचा अभिमान रास्त आहे. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं, केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन झालं, नगरला १९४७ मध्ये भा. पां. हिवाळे यांनी कॉलेज काढलं. पण त्या काळी संस्था चालवणारा आणि माणसं जोडणारा यांची कामं बऱ्याच ठिकाणी वेगळी होती. आता पाळक, फादर, सिस्टर यांपैकी ज्यांना थोडी कागदपत्रं कळतात ते सगळे कार्यालयात अडकलेले दिसतात. शाळेची संचमान्यता, फी, धर्मादाय आयुक्तांकडचा चेंज रिपोर्ट. हा चेंज रिपोर्ट काय असतो ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. ट्रस्टवरचे विश्वस्त बदलले की ती नोंद करून घ्यावी लागते. एका गटाने नोंद मागितली की दुसरा हरकत घेतो, आणि वर्षानुवर्षं ‘खरी कमिटी कोणती’ एवढाच खटला चालतो. गावाच्या मध्यावर आलेली मिशन कंपाउंडची जमीन, तिच्यावर टपलेला बिल्डर, आणि त्याला आतून साथ देणारा आपलाच कुणीतरी, हा त्या खटल्याचा नेहमीचा ऐवज. १९७० मध्ये नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा ऐक्याची स्वप्नं फार मोठी होती. जमिनींचे वाद मात्र ऐक्याने मिटले नाहीत, काही ठिकाणी ऐक्यच वादाचा मुद्दा झालं. मंडळीतला जुना माणूस हे बोलताना आवाज खाली आणतो. आपलीच लाज बाहेर कशी काढायची?

परदेशी मदतीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या बदलांनी यात भर घातली. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच मुख्य शाखेत उतरवायचा, कारभारावर वीस टक्क्यांहून जास्त खर्च करायचा नाही, आणि आलेली मदत दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायची नाही. शेवटची अट सर्वांत जास्त लागली. तालुक्याच्या गावात चार मुलींचं वसतिगृह चालवणारी लहान संस्था मोठ्या संस्थेकडून मिळणाऱ्या पैशांवर जगत होती. परदेशी पैशावर पोसलेल्या मंडळीला स्वतःच्या खिशात हात घालायची सवय लागली नाही, हा जुना आक्षेपही खोटा नाही, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी तो शंभर वर्षांपूर्वी घेतला होता. पण सवय लावायची म्हणून एका वर्षात नळ बंद करणं याला शिकवण म्हणत नाहीत.

ख्रिस्ती सेवेकडे पाहण्यातला विरोधाभास तर रोज दिसतो. कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळावा म्हणून पहाटेपासून रांग लावणारा बाप आणि शेजारच्या घरात बुधवारी संध्याकाळी होणाऱ्या प्रार्थनेची पोलिसांत तक्रार करणारा बाप हे अनेकदा एकाच इमारतीत राहतात. कधी एकच असतात. ख्रिस्ती माणसाची शाळा हवी, दवाखाना हवा, सिस्टरचा प्रेमळ हात हवा, फक्त ती हे सगळं कशासाठी करते हे तिने बोलू नये.

धर्मांतरविरोधी कायद्यांना मोठा इतिहास आहे. ओडिशाने १९६७ मध्ये आणि मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये असे कायदे केले. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ते उचलून धरले आणि धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क येत नाही, असं म्हटलं. त्यानंतर राज्यामागून राज्यांनी कायदे कडक केले. महाराष्ट्र बराच काळ यापासून दूर होता. २०२५ मध्ये इथेही कठोर कायद्याची घोषणा झाली. त्याच जूनमध्ये सांगलीकडे एका आमदाराने धर्मांतर करणाऱ्या पाद्र्यांना चोप देणाऱ्यांसाठी जाहीर सभेत लाखांची बक्षिसं बोलून दाखवली आणि जुलैत ख्रिस्ती समाज मुंबईच्या आझाद मैदानावर जमला. इतक्या शांत, किंबहुना भित्र्या समाजाने रस्त्यावर यावं, हीच त्या दिवसाची बातमी होती. कायद्याच्या बाजूचे लोक म्हणतात, फसवणूक करत नसाल तर घाबरता कशाला? प्रश्न कागदावर बरोबर आहे. पण नंदुरबार-पालघरकडे एखाद्या आदिवासी घरात दहा माणसं जमून गाणी म्हणतात तेव्हा ते आमिष आहे की भक्ती, हे गाडी अडवून उभं राहिलेलं टोळकं ठरवतं, आणि न्यायालय फार उशिरा.

तरी माझं म्हणणं असं की या संशयाला खतपाणी घालणारे आपल्यातही आहेत. पोस्टरवर स्वतःचा मोठा फोटो, खाली ‘आजार, कर्ज, करणी, सर्वांतून सुटका’, व्यासपीठावर कुबड्या फेकून धावणारा माणूस आणि मोबाईलवर त्याचं थेट प्रक्षेपण. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा सर्व धर्मांच्या अशा दुकानांना लागू आहे. त्याला चर्चने मनापासून पाठिंबा द्यायला हवा होता. अनेकांनी आपल्या सभांवर गदा येईल म्हणून नुसतं अंग चोरलं. मोठे आकडे फुगवून परदेशी देणगीदारांना पाठवणारेही असतातच. तो अहवाल शेवटी इथे येतो आणि ज्याने एकाही माणसाला पाण्यात बुडवलेलं नाही अशा खेड्यातल्या म्हाताऱ्या पाळकाच्या अंगावर पडतो.

दाखल्याचा प्रश्न याहून खोल आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये. ख्रिस्ती आणि मुस्लीम दलित बाहेर राहिले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात जागा आहे, पण ती सवलत आणि ते संरक्षण वेगळं. अत्याचारविरोधी कायद्याचं कवच त्यात येत नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढण्याची शिफारस केली, २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला, सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून याचिका आहे. आकड्यांच्या आणि तारखांच्या या जंजाळात नगर जिल्ह्यातलं घर असं दिसतं: थोरल्या भावाकडे बौद्ध म्हणून दाखला, धाकटा शाळेत हिंदू महार, आई रविवारी पहिल्या बाकावर. कोणी खोटं बोलत नाही. प्रत्येकजण पोराच्या फीपुरतं खरं बोलतो. अशा घरी गेलेल्या पाळकाने काय करायचं? बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये नाव लिहायचं की नाही, हा काही ठिकाणी श्रद्धेचा प्रश्न राहिलेला नाही. जनगणनेतला आकडा मंडळीतल्या बाकांशी जुळत नाही त्याचं एक कारण हे आहे, असं मला वाटतं.

आणि जात बाहेरूनच येते असं मानायचं कारण नाही. ती आत आरामात बसलेली आहे. कोणत्या मिशनचे, कोणत्या गावचे, मूळचे कोण, हे प्रश्न लग्न ठरवताना ख्रिस्ती घरांतही विचारले जातात, फक्त जरा गोड आवाजात. बाबा पद्मनजी, नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई ही नावं आम्ही दर समारंभात घेतो. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरमध्ये जी प्रचंड गर्दी लोटते, तिच्या आज्या-पणज्यांची नावं कुठल्याही भाषणात येत नाहीत. ब्राह्मण ख्रिस्ती आमचा इतिहास झाला आणि दलित ख्रिस्ती आमची संख्या.

तरी टिळकांना टाळून पुढे जाता येत नाही, कारण भाषेचा मुद्दा त्यांच्याशिवाय मांडता येत नाही. मराठीत ख्रिस्ती श्रद्धा रुजवण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका इंग्रजाचा. थॉमस स्टीफन्स या जेझुइटाचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने तिथल्या भाषाच मोडून काढायचा हुकूम काढला, म्हणजे एकाच शतकात चर्चने भाषेला मिठी मारली आणि तिच्या गळ्यालाही हात घातला. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी अभंग, भजन, कीर्तन मंडळीत आणलं, विलायती चालींवर बसवलेल्या गाण्यांतून माणसं सोडवली. पंडिता रमाबाई अखेरच्या वर्षांत हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बाईला कळेल असं बायबल मराठीत उतरवत होत्या. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये बाहेर आलं, आणि मुक्ती मिशनच्या मुलींनीच त्याचे खिळे जुळवले होते. कॅथलिकांकडे हे उशिरा आलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) दार उघडलं आणि लॅटिन मिस्सा मराठी झाली. त्या वाऱ्यात वाढलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक सर्व मराठी वाचकांचं केलं, ‘सुबोध बायबल’ लिहिलं, हरित वसईच्या आंदोलनात पाणी आणि शेतीसाठी माफियांच्या विरोधात उभे राहिले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी त्यांच्या झग्यावरूनच विरोध केला. २०२४ च्या जुलैत ते गेले. त्यांच्यासारखा दुसरा माणूस सध्या तरी डोळ्यांसमोर येत नाही.

कारण जिथून तो यायचा ती जमीन आकसते आहे. वसईतली मुलं घरी कादोडी बोली समजतात, उत्तर इंग्रजीत देतात. नगर-पुण्याकडची इंग्रजी शाळेत जातात आणि ‘उपासना संगीता’तली गाणी पडद्यावर रोमन अक्षरांत वाचतात. इंग्रजी उपासनेला गिटार आहे, एसी आहे, पंचविशीतले चेहरे आहेत; मराठी उपासनेला पांढरे पदर. आईबापांना मी दोष देत नाही. पोट इंग्रजीवर चालतं हे त्यांना मिशनच्या शाळांनीच शिकवलं. पण इंग्रजीतून आलेली श्रद्धा बहुधा अमेरिकेच्या कुठल्यातरी व्यासपीठावरून थेट कानातल्या बटणात येते. तिच्यात उत्क्रांतीवादाशी भांडण असतं, जे इथल्या बहुतेक मंडळ्यांनी कधी फारसं केलंच नव्हतं. तिच्यात यश, पैसा, ‘ब्लेसिंग’ असतं. नगरच्या दुष्काळातून आलेल्या आजीचा येशू आणि नातवाच्या मोबाईलमधला जीझस एकमेकांना ओळखणार नाहीत.

मोबाईलची गोष्ट निघाली म्हणून कोविडची. २०२० च्या मार्चअखेर चर्च बंद झाली आणि मिस्सा यूट्यूबवर गेली. सुरुवातीला मुंबई महापालिकेने सर्व मृतदेहांना दहन सक्तीचं केलं होतं, ते लगेच मागे घेतलं. पण त्या एका दिवसाची धडकी ख्रिस्ती आणि मुस्लीम घरांना अजून आठवते. त्याच काळात नगरच्या बूथ हॉस्पिटलने, म्हणजे मुक्तिफौजेच्या त्या जुन्या दवाखान्याने, इतके रुग्ण सांभाळले की शहराने त्याला नव्याने ओळखलं. प्रक्षेपणाचा फायदा खाटेवरच्या म्हाताऱ्यांना खरोखर झाला. तोटा असा की उठून चर्चला जाऊ शकणाऱ्या काहींना ती खाट आवडू लागली.

स्त्रियांचा प्रश्न मंडळीत ‘महिला मंडळ’ या कप्प्यात घालून मोकळं होण्याची रीत आहे. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला फक्त व्यभिचाराचं कारण पुरत असे; बायकोला व्यभिचार आणि त्यावर क्रौर्य किंवा टाकून देणं असं दुहेरी सिद्ध करावं लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा भेद फेटाळला आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. चर्चने पुढाकार घेतला असता तर हे किती आधी झालं असतं! कॅथलिक स्त्रीला त्यापुढे चर्चच्या न्यायमंडळाची दुसरी पायरी आहेच, आणि तिथे विवाह रद्द झाला तरी देशाचा कायदा तो घटस्फोट मानत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्री पाळक होऊ शकते, कॅथलिकांत नाही. सिस्टर शाळा चालवते, रुग्ण पुसते, पण समितीत तिचं मत शेवटी विचारतात. लहान मुलांवर किंवा तिच्यावरच अत्याचार झाला तर ‘चर्चची बदनामी नको’ हे वाक्य जगभर जसं ऐकू आलं तसं इथेही येतं. ज्या घरात विश्वासाने पाळकाला आत घेतात, तिथे त्याच्या मागे दार लावून घ्यावं की उघडं ठेवावं, हा प्रश्न यामुळे आला आहे. तो विचारणाऱ्या आईवर नाराज होण्याचा हक्क कुणाला नाही.

राहता राहिला स्वतः पाळक. खेड्यातल्या प्रॉटेस्टंट पाळकाचं मानधन अनेक ठिकाणी शाळेतल्या शिपायापेक्षा कमी असतं, मोटरसायकलच्या पेट्रोलला पुरेल एवढं. त्याची स्वतःची मुलं त्या धंद्यात यायला तयार नाहीत. वसईतल्या घरांत एकेकाळी एक मुलगा सेमिनरीत असणं भूषण होतं. आता दोनच मुलं असतात आणि एक जहाजावर, दुसरी कॅनडात. फादरला मोठ्या बंगल्यात रात्री एकट्याने जेवायचं असतं. सगळ्यांचं ऐकून घेणाऱ्याचं कोण ऐकतं, हे विचारायला मंडळीला सुचत नाही. सुचलं तरी धीर होत नाही.

टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ भरवला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. रजिस्टर, दाखला, पगार, मिशन कंपाउंड यांच्या पलीकडे एक घर शोधण्याची ती धडपड होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार मोडला. नगरकडच्या वाड्या-वस्त्यांवर आजही असे येशूभक्त भेटतात ज्यांचं नाव कोणत्याच चर्चच्या वहीत नाही, भिंतीवर विठोबा आणि येशू शेजारी शेजारी. पाळक तिथे गेला तर त्याची शिस्त मोडते, आणि न गेला तर ती माणसं त्याची नाहीत असं तो कोणत्या तोंडाने म्हणणार?

अलीकडे पाळकांना आणि फादरांना एका नव्या प्रकारचे फोन येतात. टोरांटोहून, दुबईहून, तेल अवीवहून. रविवारची उपासना ऑनलाईन पाहिली, छान झाली, असं सांगून झालं की पलीकडची मुलगी जरा थांबते. मग म्हणते, आईचा फोन दोन दिवस लागत नाहीये. तेवढं घरी जाऊन याल का?